माझी क्लास फाईल आणि सलीलचा दगा

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार, घाटंजी
आजपासून रोज लिहायचं. आमच्या जिनिंग कारखान्यात कापूस आणणाऱ्यांना टोकन नंबर देणारा जावा प्रोग्रॅम मी एकट्याने लिहिला. आलेला प्रत्येक शेतकरी त्याच्या मेमरीत कायम राहतो. आपण माणूस विसरत नाही. तरी आज सर्व्हर तीनदा बंद. मेमरी संपली म्हणतो. नक्कीच हाताखालचा सलील कोडमध्ये हात घालतोय. त्याला जावा शिकवलं कोणी? मीच.

१४ नोव्हेंबर, सकाळी ८
शंका खरी. माझ्या प्रोग्रॅमची क्लास फाईल बदललेली, तारीख कालची. पेनड्राइव्हवरची माझी मूळ फाईल परत टाकली. यापुढे रोज, कोणी यायच्या आत. गुपचूप.

१५ नोव्हेंबर
फाईल पुन्हा बदललेली. पुन्हा टाकली. तरी दुपारी दोनदा बंद. रीस्टार्ट केलं की रांगेतले नंबर पुसले जातात. तांड्यावरचा देवीलाल पहाटेपासून कापसाची बंडी घेऊन उभा. म्हणतो, "साहेब, बंडी तं माया बैलायनं ओढली. तुमचं मशीन काहून दमते?" अडाणी प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

१६ नोव्हेंबर
मॅनेजर लखीरामजींना लेखी कळवलं : सर्व्हरमध्ये घातपात होतोय, करणाऱ्याच्या हातून सर्व्हर काढून घ्यावा. नाव लिहिलं नाही. सभ्यपणा. शनिवारी निकाल.

१८ नोव्हेंबर, शनिवार
बुधवारी सर्व्हर बंद पडला तेव्हा मेमरीत काय होतं, त्याचा उतारा सलीलने आणलेला. सहा लाख नोंदी, सगळ्या माझ्याच क्लासच्या. फाटकावरचा नंबरांचा स्क्रीन दर पाच सेकंदांनी नवा होतो, आणि म्हणे दर वेळी माझा क्लास अख्खी रांग पुन्हा साठवतो. एकटा देवीलाल दोन हजार वेळा. ही कसली चूक? हा तर आदर.
मग सलील सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, "सर, हे मी सोमवारपासून पाचदा दुरुस्त केलं. रोज सकाळी जुनी फाईल कोण टाकून राह्यलं?"
बॅकअप ठेवणं गुन्हा आहे का, असं मी विचारलं. लखीरामजींनी माझ्या पत्रावर 'मंजूर' लिहिलं.

२३ नोव्हेंबर
फाटकावर नंबर पुकारण्याचं काम तात्पुरतं माझ्याकडे. सलीलने पासवर्ड बदलला. त्याचा दगा मी समजू शकतो, पोराला खुर्ची हवी होती. पण सर्व्हर? माझ्या हाताखाली दिवसातून तीनदा मला बोलावून घ्यायचा.
आज पाच दिवस झाले. एकदाही बंद पडला नाही.