कार्डावर नसलेली जागा

लिटल रॉक, ११ ऑगस्ट १९५३

प्रिय आई,

तुझी डेला खाऊनपिऊन ठणठणीत आहे, हे आधी वाच नि मग पुढचं.

मी अजून ब्रदर टटलच्या प्रार्थनासभेच्या तंबूच्या दाराशी बसून प्रार्थनेची कार्डं भरते: नाव, गाव, आजार. नंबर पुकारला की माणूस पुढे जातो आणि ब्रदर तो बरा व्हावा म्हणून त्याच्या डोक्यावर हात ठेवतात. परवा एका म्हाताऱ्याला ऐकू यायला लागलं. खोटं कशाला सांगू, मीही रडले.

काल एका बाईला आजार विचारला, तर तिने बायबलमधून जुनं कार्ड काढलं. "हेच लिही पोरी. मागच्या वर्षी तूच लिहिलं होतंस."

अक्षर माझंच होतं. मधुमेह.

"तेव्हा बऱ्या झाला होतात ना?"

"झाले होते की! दुसऱ्याच दिवशी सुया फेकल्या. दोन महिन्यांनी पाय कापावा लागला. माझाच विश्वास कमी पडला गं."

तेव्हा कुठे मला तिच्या कुबड्या दिसल्या. आई, कार्डावर आजाराला जागा आहे, पुढे काय झालं त्याला नाही.

मावशीने कळवलंय, रेडिओवर ब्रदरचा कार्यक्रम लागला असताना तू रेडिओवर हात ठेवून त्यांच्याबरोबर प्रार्थना केलीस आणि इन्सुलिन बंद केलंस. अगं, ब्रदरना स्वतःला चष्म्याशिवाय बायबल वाचता येत नाही! देवाला सुईचा राग आलाच, तर माझ्यावर काढू दे.

कोंबड्या अंडी देतायत का? उलट टपाली लिही. पण आधी सुई घे.

तुझं कार्ड मला भरायला लावू नकोस.

तुझीच,
डेला