वर्षातून एकदा उघडणारं दार

सारं सुरळीत होईलच, असं आरंभी लिहायची आमच्याकडे रीत आहे. छातीत पाणी झालेल्या माणसानं ते लिहावं हा विनोदच, तरी लिहिलं. न झाल्यास, मी अल्किआस, पिट्टालोसचा मुलगा, राहणार एलिस, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय अशी व्यवस्था लावतो :

राहतं घर आणि मागची ऑलिव्हची झाडं माझी पत्नी निकिप्पे हिची. लोकरीचा झगाही तिचाच. मला आता थंडीची चिंता नाही.

शेजारी सिमोस मला पाहून रस्ता बदलतो, कारण मी पाताळाच्या देवाचा पुजारी. त्याला काहीही देऊ नये. खाली रस्ता एकच आहे, भेटू.

त्या देवाचं नाव इथे कोणी घेत नाही, 'धनवान' म्हणतात. मला आता कसली भीती? हेडीस. त्याचं देऊळ वर्षातून एकदाच उघडतं, आणि आत फक्त पुजारी जातो. आमची लेक मिर्टो तापानं गेली, तेव्हापासून निकिप्पे त्या दिवशी दाराबाहेर जमिनीवर तळहात आपटत बसते. खालच्याला हाक अशीच मारतात.

"अहो, विचारलंत का पोरीचं?"

"विचारलं."

"मग? काय म्हणाला?"

"काही नाही."

"म्हणजे ती तिथे नाही, की तो बोललाच नाही?"

"बोलला नाही गं. दगड आहे तो."

यंदा हे ऐकून तिनं जेवण टाकलं. तिचा भाऊ डेक्सिआस मला म्हणाला, "दाजी, दोन शब्द गोड बोलला असतात, तर जीभ झडली असती का?"

डेक्सिआस म्हातारे घोडे कानशीनं दात घासून तरुण म्हणून विकतो. म्हणूनच देवळाची किल्ली आणि पुजारीपण त्याला. अट एकच : दार उघडेल त्या दिवशी आत जरा वेळ काढावा, मग बाहेर येऊन बहिणीला सांगावं, की मिर्टो बरी आहे, पाताळाच्या राणीची वेणी घालते, आईची आठवण काढते. मला हे कधी जमलं नाही. हे कलम निकिप्पेसमोर वाचू नये.

तोवर मी खाली त्या देवाच्या घरीच असेन. पोर खरोखर भेटली, तरी वर निरोप धाडायची सोय त्या घरी नाही.

साक्षीदार : टेलेसोन, कुंभार. अगियास, वैद्य (शिक्का उमटवताना यानं माझ्याकडे पाहिलं नाही).

अल्किआस, स्वहस्ते.
एलिस, पार्थेनियोस महिना, अमावास्येच्या आदला दिवस.