पाडव्यापर्यंत मोटर

४ ऑक्टो., शनिवार
होडीची मोटर पुन्हा धरणात मध्येच बंद. काठाशी सुरू झाली ती अशी की ऐकत बसावं. जरा आत गेलो, वेग दिला, दोन गचके खाल्ले आणि गप्प. थोडं थांबून दोरी ओढली तर पहिल्या झटक्यात चालू. परत तेच. शेवटी वल्ही मारत आलो. उजवा खांदा कामातून गेलाय.
पावसाळाभर खोलून, नव्या रिंगा, नवी सीलं घालून बांधली. खंडेनवमीच्या आधी पलीकडे जाऊन आली होती, कुरकुर नाही. दादा होता तेव्हा ही पोत्यात गुंडाळलेली असायची, तेल अंदाजपंचे, तरी चालायची. मी जन्म उरवड्याच्या कारखान्यात टूलरूमला काढला, मापात बांधली, तर हिचे हे नखरे.

५ ऑक्टो., रवि.
संदीपचा फोन. पुतण्या असला तरी आता साहेबासारखा बोलतो. मोटर दिवाळीच्या पाडव्यापर्यंत धड झाली नाही तर शेळ्या विकायच्या आणि आईला, म्हणजे वहिनीला, जांब्याला त्याच्या फ्लॅटवर न्यायचं. पलीकडच्या वाडीत दादाचं घर सोडून आता कुणी राहत नाही, रस्ता दरडीखाली, आईला काही झालं तर माणूस पोचायचा कसा?
बरोबर आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग येतो. म्हटलं, होईल.

८ ऑक्टो., बुध.
दोन्ही प्लग बदलले. ठिणगी निळी, खणखणीत. पिंपात पाणी भरून त्यात चालवली, मस्त चालते. धरणात नेली की मरते. घरात वाघ. बायको म्हणाली, तुमच्यावर गेली.

१२ ऑक्टो., रवि.
कार्बोरेटर परत साफ. काही निघालं नाही.
दुपारी वल्ह्याने वहिनीकडे, तिच्या बीपीच्या गोळ्या द्यायला. दादाचा रेनकोट अजून खुंटीवर. तो जाऊन वर्ष उलटलं, तिने हलवलेला नाही. चहा देताना म्हणाली, "भाऊजी, लई तरास घेऊ नका. न्हाई चालली तर न्हाई."
मला बरं वाटावं म्हणून म्हणाली बिचारी. येताना ठरवलं, काही झालं तरी या बाईला दादाचं घर सोडायला लावायचं नाही.

१६ ऑक्टो., गुरु.
आता संशय स्वतःवरच. सील उलटं बसवलं असेल, रिंग गरम होऊन धरत असेल. अख्खी मोटर परत खोलली. सगळं जिथल्या तिथे. माझं काम चोख निघालं आणि त्याचा काडीचा आनंद झाला नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. पाडवा तोंडावर.

१९ ऑक्टो., रवि.
सापडलं.
भर पाण्यात बंद पडली. टाकीकडून इंजिनाकडे पेट्रोल चढवायला नळीत रबरी फुगा असतो, तो सहज हातात धरला तर चपटा. म्हणजे पेट्रोल टाकीतूनच येत नाही! टाकी यंदाच नवी केलेली, म्हणून तिच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं. आतल्या नळीच्या तोंडाला जाळी लावायचीही राहिली होती. काठावर येऊन फडक्यातून गाळली. तांदूळ. कुंकवाचा रंग उतरलेल्या अक्षता. वेग दिला की दाणे नळीच्या तोंडाशी ओढले जायचे, इंजिन थांबलं की सुटून तळाला.
खंडेनवमीला मोटरीची पूजा दादा करायचा. यंदा वहिनी म्हणाली, मी करते, म्हणून तिला आणली होती. मी टाकी धुऊन, झाकण काढून बाजूला वाळत ठेवलेली. तिने हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, मनापासून मूठभर अक्षता उधळल्या. आणि मी, मोठा कारागीर, शेजारी हात जोडून डोळे मिटून उभा.
फार दिवसांनी एकटाच हसलो. मग टाकी भरून पलीकडच्या काठापर्यंत जाऊन आलो. एकदाही गचका नाही. उद्या वहिनीला सांगायचं.

२० ऑक्टो., सोम.
मोटरीने गेलो. वहिनी शेळ्यांना पाला टाकत होती. वळून बघितलं नाही.
"चालली व्हय," म्हणाली. "काल आवाज आला मला."
मी अक्षतांची गोष्ट रंगवून सांगायला लागलो. ती हसली नाही. मग म्हणाली, "भाऊजी, संदीपला नका सांगू."
मला आधी कळेना.
"हितं अंधार पडला का माणसाचा आवाज न्हाई. शेळ्यांसंगं बोलतीया मी. माझ्या तोंडानं जाते म्हणलं तर लोक म्हणतील, धन्याचं घर टाकलं. मोटर चालली न्हाई तर कुणी काय म्हणायचं?"
मी विचारलं, आणि घर? म्हणाली, घर कुठं जातंय. पाला संपला तशी आत गेली.
राग आला. तिचा, संदीपचा, मेलेल्या दादाचाही. वर्षभर मी हिच्यासाठी म्हणून राबलो आणि हिला कधी विचारलंच नाही. येताना मोटर वर उचलून ठेवली आणि वल्ही मारत आलो. का, ते माहीत नाही.

२२ ऑक्टो., पाडवा
सकाळी वहिनीला वल्ह्याने आणलं. संदीप दुपारी आला. काका, मोटरीचं काय? म्हटलं, आधी फराळ कर.
फराळ झाला. आता सगळे मोटर बघायला पाण्याकडे निघालेत. चष्म्याचं निमित्त करून मी घरात, हे खरडतोय. वहिनी अंगणात पायरीवर बसलीय, माझ्याकडे बघत नाही.
दोरी ओढली की पहिल्या झटक्यात चालू होणार. न ओढता 'नाही होत' म्हणालो तर दादाचं घर आजपासून बंद, आणि ते मी बंद केलेलं. ओढली तर आज संध्याकाळी वहिनीला त्या अंधारात सोडून यायचं, तेही मीच.
संदीप हाक मारतोय.