अर्धे केस कापून झाल्यावर

३ मार्च, मंगळवार

हसून हसून पोट दुखतंय! दवाखान्यातल्या समुपदेशक बाई आज आमच्या पार्लरच्या वर्गात आल्या होत्या — एचआयव्हीबद्दल सांगायला. माझी मुलंमुली सगळी अठरा-एकोणीसची. केस कापायला शिकायला येतात, पण कात्रीपेक्षा तोंडं जास्त चालतात. आज मात्र सगळ्यांची दातखीळ बसली. बाईंनी पिशवीतून कंडोम काढले आणि दाखवायला काही मिळेल का विचारलं. मी साळसूदपणे गोल ब्रश पुढे केला. दांडा त्यांच्याकडे करून. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कोणालाच आवरेना. मलासुद्धा!

बाई अजिबात चिडल्या नाहीत. आधी पोटभर हसून घ्या म्हणाल्या. मग प्रत्येकाच्या हातात एकेक ब्रश आणि एकेक कंडोम.

मग बाईंनी सांगितलं, लागण होते ती कंडोमशिवायच्या संबंधांतून, दुसऱ्याने वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला. शिवल्याने नाही, एका कपाने नाही, कंगव्याने नाही. आणि नियमाने गोळ्या घेऊन विषाणू पुरता दबलेला राहिला, तर संबंधांतूनही तो जोडीदाराला लागत नाही. माझी भाची पहिल्या रांगेत बसून सगळ्यांसारखीच ऐकत होती, जसं काही नवीनच! तिला हे लहानपणापासून पाठ आहे. जन्मतःच एचआयव्ही आलाय ना तिच्यासोबत. ताई गेली तेव्हापासून ती माझ्याकडे. वर्गात मी सोडून कोणालाच माहीत नाही.

४ मार्च

अरे देवा! सकाळी मागच्या गॅलरीत गेले तर दोरीवर टॉवेल, एप्रन, हातमोजे — आणि त्यांच्या शेजारी, ओळीने चिमटे लावून, कालचे कंडोम. धुऊन, जंतुनाशकात बुडवून, स्वच्छ! चूक माझीच. ‘वापरलेली प्रत्येक वस्तू धुवायची, वाळवायची, मगच ड्रॉवरमध्ये’ — मुलांकडून घोकून घेतलंय मीच.

वरच्या मालकीणबाई झाडांना पाणी घालत होत्या. हातमोज्यांची बोटं सुटी का केलीत, विचारायला लागल्या. नवीन पद्धत आहे म्हटलं आणि आत पळाले.

समुपदेशक बाईंना फोन केला. त्यांना बोलताच येईना हसण्यापायी. मग म्हणाल्या, सोमवारी परत येते. एकदा वापरला की कचऱ्यात, एवढं तरी सांगायलाच हवं.

९ मार्च, सोमवार

बाई आल्या. दोरीवरून पुन्हा धमाल झाली. मग मुलं प्रश्न विचारायला लागली. केस कापताना कान कापला तर? बाई म्हणाल्या, म्हणून तर ब्लेड दरवेळी नवं आणि रक्त लागलेलं हत्यार बाजूला. हे नियम सगळ्यांसाठी सारखेच, कारण समोरच्याला काय आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही.

आमचा हिरो — तासातून दहा वेळा आरशात बघतो म्हणून हे नाव — मागून बोलला, “काही असो. तसं कोणी असेल तर मी डोकं देणार नाही त्याच्या हातात.” दोघातिघांनी माना डोलावल्या. बाईंनी परोपरीने समजावलं. तो आपला खांदेच उडवत राहिला.

भाची झाडलेली फरशी पुन्हा झाडत होती.

घरी आल्या आल्या म्हणाली, “मावशी, मी सांगणार आहे.” मी नाही म्हटलं. प्रमाणपत्र हातात येऊ दे, स्वतःची खुर्ची होऊ दे, मग बघू. आत्ता कळलं तर तुझ्यापुढे बसणार कोण? ती शांतपणे म्हणाली, “म्हणजे जन्मभर लोकांच्या डोक्यावर चोरून हात ठेवायचा?”

१० मार्च

तिचं बरोबर आहे. म्हणूनच भीती वाटतेय.

१४ मार्च, शनिवार

घाईघाईत लिहितेय, अक्षराकडे बघू नये!

शनिवारी मुलं एकमेकांचे केस कापतात. जोड्या चिठ्ठ्या टाकून. भाचीच्या वाट्याला कोण? हिरो! तिने एक बाजू छान कापली. मग कात्री खाली ठेवली आणि आरशातूनच त्याला म्हणाली, “मला एचआयव्ही आहे. जन्मापासून. रोज गोळी घेते. उठायचं असेल तर आत्ताच ऊठ.”

कोणीतरी ड्रायर बंद केला. मी पुढे होणार तर भाचीने हाताने थांबवलं.

हिरो आरशात बघत राहिला. आधी कापलेली बाजू बघितली, मग न कापलेली. म्हणाला, “असा अर्धवट कुठे जाऊ? पूर्ण कर.”

आधी एक जण हसला, मग सगळेच. भाचीसुद्धा, कात्री उचलता उचलता! एका पोरीने विचारलं, गोळी कडू असते का? भाची म्हणाली, चघळत बसलीस तर. मी बेसिनपाशी जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. घरी आल्यावर दोघी स्वयंपाकघरात वेड्यासारख्या नाचलो. माझी कंबर धरली. धरू दे!

१६ मार्च, सोमवार

पार्लरच्या पायरीवर हिरो आमच्याआधी येऊन बसलेला. आज मोबाइलच्या काचेतही स्वतःला बघत नव्हता. माझ्याकडे बघितलंच नाही, भाचीला म्हणाला, “मलाही तपासून घ्यायचंय. कधीचं. एकट्याने जायची हिंमत होत नाही.”

तिने शटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. “मावशी, आज तू उघड. आम्ही दवाखान्यात जाऊन येतो.”