देवदूतांचा वाटा

३ तारीख, सोमवार
यांना ऑफिसने निवृत्तीला बाटली दिली. स्कॉच, सिंगल माल्ट. घरात मद्य! देवा, क्षमा कर. हे म्हणाले, सोळाला मोठे साहेब येतील तेव्हा एकेक पेला, बस्स. तीस वर्षं त्यांच्यापुढे उभा राहिलो, एकदा शेजारी बसून प्यायची हौस आहे. दिली परवानगी. मी मात्र शिवणार नाही.

४ तारीख
लेबल वाचलं. वय अवघं तीन! म्हणे अमेरिकन ओकच्या पिंपात मुरवली. साहेबांपुढे एवढी कोवळी ठेवायची? दुकानात फोन केला. बारा वर्षांची चौपट महाग. लाकडातच मुरायची तर घरी काय हरकत? मॅट्रिकला शास्त्रात बासष्ट मार्क होते मला.

५ तारीख
सुताराकडून ओकचा तुकडा आणला. तो म्हणाला, काकू, अमेरिकनच, डोळे झाकून न्या. उकळून, पुसून बाटलीत सोडला. एक चमचा घेतला, केवळ तपासणी. घसा पेटला. तीन वर्षांचं पोर, अंगात मस्ती असणारच.

७ तारीख, दुपार
दोन चमचे. एकात नीट कळत नाही. आधी मध, मग व्हॅनिला, मागून ओलं लाकूड. माझ्या अंदाजाने तिला पाचवं वर्ष लागलं.

९ तारीख
बाटली अर्ध्यावर! धसकाच घेतला. खोक्यातल्या कागदावर खुलासा मिळाला. मुरताना थोडी उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. हात जोडले. देवाच्या माणसांना नाही कसं म्हणायचं?

१२ तारीख
चमचा फार लहान. वाटी घेतली. आठ वर्षं सहज. धाकटी जाऊ म्हणाली, ताई, हल्ली दुपारच्या गाता! म्हटलं, भजन आहे. म्हणाली, मग मध्येच हसता का?

१५ तारीख
अकरा. देवदूतांना काही धरबंध नाही. उद्यापासून थेंबही घेणार नाही.

१६ तारीख, सकाळ ७
शेवटची तपासणी राहिली होती. बारा पूर्ण!

१६ तारीख, संध्याकाळ
यांनी नवा सदरा घातला. पेले स्वतः पुसले. बाटली तिरकी केली. तीन थेंब पडले आणि सुताराचा तुकडा तोंडाशी अडकला. मी देवदूतांच्या वाट्याचं सांगितलं. साहेब म्हणाले, वहिनी, तो वाटा पिंपातून जातो, बूच लावलेल्या बाटलीतून नाही. यांनी बाटली खाली ठेवली. साहेबांनीच विचारलं, चव कशी होती? मी बेसावधपणे म्हणून गेले, आधी मध, मग व्हॅनिला...
यांनी दोन्ही पेल्यांत पाणी ओतलं. साहेबांच्या शेजारी जाऊन बसले. म्हणाले, हं, आता पहिल्यापासून सांग. सावकाश.