सेनाइदाबाईंच्या गाडीचं पुढचं डावं चाक

तेवाकान,
शुक्रवार, ११ मार्च १९९४

ती. एउलालियाताईस,
घाबरलेल्या नाबोरचा शि. सा. न. वि. वि.

शेवटचं आधी सांगतो. उद्या सकाळी एक पांढरी छोटी गाडी तुझ्या खानावळीवरून घाटात उतरेल. तिला थांबव. आडवी हो, पण थांबव. तुमच्या गावचा फोन बंद आहे, म्हणून हे पत्र चारच्या बसचे ड्रायव्हर हिलारियोकाका यांच्या हाती देतोय.

गाडी सेनाइदाबाईंची. ज्यांच्यापायी मी इंजिनियरिंग अर्धवट सोडून मामाच्या गॅरेजला चिकटलो असं तू म्हणतेस, त्याच, शाळेत शिकवणाऱ्या बाई. खरं आहे तुझं, आज भांडत नाही. आईला घेऊन त्या आज वाटेत मावशीकडे मुक्काम करतील आणि उद्या शाळेच्या गावी निघतील. गाडी कालपासून सर्व्हिसिंगला माझ्याकडे होती. ऑइल आणि फिल्टर बदलला, प्लग साफ केले, ब्रेक पाहिले. टायर सारखे झिजावेत म्हणून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे केली.

मामाची पद्धत तुला ठाऊक आहे. चाक काढलं की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधायची. गाडी जॅकवर असताना नट हातापुरते लावायचे. चाकं जमिनीला टेकली की लांब पान्याने दम लावून आवळायचे आणि मगच चिंधी सोडायची. चिंधी दिसली तर मामा राष्ट्राध्यक्षांनाही किल्ली देणार नाही.

तीन चाकं आवळली आणि बाई तासभर आधीच हजर! मक्याच्या पानातले गरम तामालेस घेऊन. माझ्यासाठी, ताई! नेमकी त्याच वेळी पुढच्या काचेवर कबुतराने केलेली घाण मला दिसली. हाताला आली ती चिंधी सोडली आणि काच पुसली. मामाने पाहिलं, चिंधी नाही. त्याने किल्ली दिली. दुपारी दुसऱ्या गाडीसाठी लांब पाना उचलला, तेव्हा मला आवळायचं राहिलेलं पुढचं डावं चाक आठवलं.

बस स्टँडवर उभी आहे, मी स्वतः आधी तिच्यात चढलो होतो. पायरीवरून परत उतरलो. त्यांना काय तोंड दाखवू? ताई, माझं नाव घेऊ नकोस. चाक हलताना दिसलं एवढंच म्हण, आणि भावोजींकडून नट आवळून घे.

कळावे. तुझा लोभ उद्या सकाळी तुझ्या पायांत येवो.

नाबोर


ला क्रुस,
शनिवार, १२ मार्च

चि. नाबोर यास,
दात खाऊन अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच: दोघीही जिवंत आहेत. आता बाकीचं ऐक.

आठला गाडी आली. मी आडवी झाले आणि तू पढवलंस तेच बोलले. बाई हसल्या. म्हणाल्या की कालच नाबोरने सगळं बघून दिलंय, तो किती जीव लावून काम करतो हे तुम्हांला माहीत नाही. मागच्या सीटवरून त्यांच्या आईने विचारलं, की सकाळीसकाळीच मेस्कलची बाटली लावलीस की काय गं. आणि गाडी गेली. नाव लपव म्हणालास ना? त्याच नावावर विसंबून गेली पोरगी.

तुझ्या भावोजींना मोटरसायकलवर पिटाळलं, पत्र त्यांच्या खिशात कोंबलं आणि सांगितलं, सगळं दाखवा. तिसऱ्या वळणावर गाडी सापडली. स्टिअरिंग थरथरायला लागलं म्हणून बाईंनी वेग कमी केला होता. चारांपैकी एक नट पडून गेलेला, दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते. बाजूला कठडा नाही, सरळ दरी. बाईंनी रस्त्यात उभ्यानेच पत्र वाचलं, दोनदा. पाना मागून घेतला आणि उरलेले नट स्वतः आवळले.

बस माझ्या दारापर्यंत येते, गाढवा. पत्र उतरलं, तू नाही उतरलास. मामाला आजच सांग, मी लिहायच्या आत.

लोभ आहे. तो रागाच्या खाली दबलाय, सध्या शोधू नकोस.

एउलालिया


रविवार, २० मार्च

श्री. नाबोर यांस,
नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. एक मला लिहिलेलं, एक मला न लिहिलेलं. मामांना तुम्ही सगळं सांगितलंत आणि त्यांनी महिनाभर चाकाला हात लावायची बंदी घातली, हे वाचलं. बरं केलं त्यांनी. मला अजून उताराला लागलं की पायाला घाम सुटतो.

नट सैल राहिला, ते मी समजू शकते. वह्या तपासताना माझीही पानं सुटतात. पण मी दरीत जाऊ शकते हे माहीत असताना तुम्हांला आधी स्वतःचं नाव वाचवावंसं वाटलं, ते मला कळत नाही. नाव सांगितलं असतंत तर मी त्या खानावळीसमोरच उतरले असते. इतका विश्वास होता, म्हणून उतरले असते.

ताईंना लिहिलेल्या पत्रातली, माझ्यापायी इंजिनियरिंग सोडल्याची ओळही वाचली. तिच्याबद्दल आज काही लिहीत नाही.

आई रोज तुमच्या भावोजींसाठी प्रार्थना करते. काल तिने विचारलं, त्या मुलासाठीही करू का. मी हातातली वही तपासून संपवली. मग म्हटलं, कर.

लोभाची ओळ मात्र कोरी सोडते.

सेनाइदा