उलाळ सायकल

काझा, १२ जून

तीर्थरूप आबांना साधनाचा नमस्कार,

इथं थंडी आहे, पण जेवण बराबर आहे. येत्या सोमवारी सायकलवर निघून राह्यले. नऊ दिवस, सगळी कच्ची डोंगरवाट, मधी दोन खिंडी. फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती अन् मी थांबले असते, म्हणून पत्र लिहिलं.

काल सगळं सामान मागं बांधून चढ चढून पाह्यला. पुढचं चाक वर उठलं अन् मी आपटले. कोपर जरासं खरचटलं, आईला सांगू नका. पडल्यावर आपली कडब्याची गाडी आठवली. मागं भार होऊन जू वर उठलं, की ‘उलाळ झाली’ म्हणत तुम्ही चार पेंढ्या पुढं ओढायचे. मंग तंबू अन् तांदूळ हँडलला बांधले. आज तोच चढ न थांबता चढले.

सोबतची मैत्रीण अंतरा, तिचा गुडघा दुखतो, ती पहिल्या खिंडीतून परतणार. मी न्हाई.

कपाशी लावली का? ढवळ्या बैलाच्या खांद्याची सूज उतरली का?

तिकडं रेंज न्हाई. चोवीस तारखेला फोन करते. तोवर आईनं विचारलं तर एवढंच सांगा, पोरीनं गाडी बराबर भरली आहे.

तुमची लेक,
साधना